काचेतली सुरी

मी एक जुनी सुरी आहे, मित्रांनो, आणि मला फार राग आलेला आहे. इटलीतल्या पादुआच्या विद्यापीठात डॉक्टर बोर्तोलो झानेल्लांच्या तसबिरीखाली, काचेच्या पेटीत मखमलीवर मला निजवले आहे. मला पुसतात, चकचकीत ठेवतात. धार मात्र कुणी लावत नाही.

मानियागो गावच्या लोहाराने मला घडवले आणि डॉक्टरांनी विकत घेतले. त्या काळी वैद्य म्हणत, रोग म्हणजे अंगातले रस बिघडणे. डॉक्टर म्हणत, दुखण्याला अंगात जागा असते, ती शोधा. रोगी दगावला की घरच्यांना विचारून ते त्याचे शरीर माझ्याकडून उघडत. आपले निदान चुकलेले दिसले, तर भर वर्गात तसे सांगत. बाकीच्या वैद्यांना हे झोंबे. मला मात्र त्या हाताचा अभिमान होता.

म्हातारपणी पूल चढताना डॉक्टरांची छाती दुखू लागली. कळ डाव्या हातात उतरे. सगळ्या वैद्यांनी पोटातला वारा ठरवून बडीशेपेचा काढा पाजला. डॉक्टरांना संशय काळजाचा होता. त्यांनी लाडक्या शिष्याला, आल्विझेला, जवळ बोलावले.

"मी गेलो की मला उघड. वारा की काळीज, एकदाचं दिसू दे."

आल्विझेने वचन दिले.

एके दिवशी डॉक्टर त्याच पुलावर कोसळले आणि गेले. मला धार लावून ठेवली होती. पण विद्यापीठातली बडी धेंडे जमली. म्हणाली, एवढ्या थोर माणसाची चिरफाड शोभत नाही. डॉक्टरांची मुलगी ओर्सोला खवळली.

"गोरगरिबांची शरीरं चालली. मग माझ्या बाबांना काय सोनं लागलंय?"

आल्विझेने मला खाली ठेवले. पुष्पचक्रांखाली डॉक्टर पुरले गेले आणि उत्तरही पुरले गेले. त्यांची खुर्ची आल्विझेला मिळाली.

दरवर्षी पुण्यतिथीला तो माझ्या पेटीपुढे उभा राहून गुरूचे गोडवे गाई. माझे पित्त खवळे. एका वर्षी बोलता बोलता त्याचा हात छातीवर गेला, मग डाव्या दंडावर. लोक धावले, आणि काय आणले? बडीशेपेचा काढा! त्याने पेला लोटला आणि पेटीला टेकून ओर्सोलाकडे पाहिले.

"ओर्सोला, हिला धार लाव. माझ्यासाठी."

ती उठली, तेवढ्यात त्याने प्राण सोडला. पण पेटीची किल्ली बड्या धेंडांकडे होती, आणि त्यांच्या मते आल्विझेला उघडणेही शोभणारे नव्हते.

मित्रांनो, थोरांना हार घालण्याआधी त्यांनी काय सांगितले होते ते करा. मला पुसू नका. किल्ली मागा.