दोन वीक

“वीक,” खिडकीच्या जाळीला तोंड लावून मावशींनी पुन्हा सांगितलं. “शेजारच्या मुलीला विचारून पाठ करत आलेय. फादर वीक, कम. मुलाला एवढं कळेल ना हो, मास्तर?”

“न कळायला काय झालं!” तारमास्तर म्हणाले.

मावशींचा नवरा अंथरुणाला खिळला होता, मुलगा दूरच्या शहरात नोकरीला. तार इंग्रजीतच जायची आणि मावशींना लिहिता येत नव्हतं, म्हणून फॉर्म मास्तरांनीच भरला. तार ऑफिसात त्यांना अठरा वर्षं झाली होती. स्पेलिंग अडलं की सगळे म्हणायचे, “डिक्शनरी कशाला उघडता? मास्तर बसलेत की!” त्या दिवशी सकाळपासून ते आठवड्याचा अहवाल लिहीत होते. मधेच उठून त्यांनी तार पाठवली आणि पुन्हा अहवालात डोकं घातलं.

नवव्या दिवशी मावशींचा मुलगा खिडकीशी आला. डोळे सुजलेले. त्यानं तार पुढं केली.

“साहेब, इथं अशक्त असं हवं होतं का? हे तर आठवडा झालं. मला वाटलं, आठवड्याभरात ये म्हणतायत. रजा मंजूर करून घेतली, मग निघालो. बाबा तिसऱ्याच दिवशी गेले.”

मास्तरांनी फाइल काढली. फॉर्मवर त्यांच्याच वळणदार अक्षरात डब्ल्यू, दोन ई, के. उच्चार तोच, पण अशक्त म्हणायचं तर दुसऱ्या ई-च्या जागी ए लागतो. हे त्यांनी झोपेतही सांगितलं असतं.

ते घसा खाकरत होते तेवढ्यात मुलगाच म्हणाला, “आईनंच काहीतरी चुकीचं सांगितलं असणार. तिला कुठं येतं इंग्रजी?”

मास्तरांच्या डोळ्यांपुढं नोकरी उभी राहिली. त्यांनी फाइल मिटली. मुलगा तार खिशात घालून निघून गेला.

चार महिन्यांनी मावशींच्या शेजारची ती मुलगी पोस्टाची तिकिटं घ्यायला आली. मास्तरांनी मावशींची चौकशी केली.

“कशा असणार? माझ्या जिभेनं घात केला म्हणतात. सारखं तेच.”

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मास्तर मावशींच्या दारात गेले. उभ्याउभ्याच म्हणाले, “मावशी, तुम्ही बरोबर सांगितलं होतंत. बोलायला दोन्ही शब्द सारखे, लिहायला वेगळे. मी भलताच लिहिला.”



“म्हणजे मी नाही चुकले?”

“नाही.”

“आणि हे तुम्हाला कधी कळलं?”

“मुलगा आला होता, त्या दिवशी.”

मावशी हळूच खुर्चीत बसल्या. “जाताना तो माझ्याशी एक शब्दही बोलला नाही, मास्तर. त्यानंतर पत्रसुद्धा नाही.”

माफी मागायला म्हणून आलेल्या मास्तरांना तो शब्द तोंडातून काढवेना.

“मी त्याला लिहितो,” ते कसेबसे म्हणाले. “सगळं लिहितो. आत्ताच.”

“लिहा,” मावशी म्हणाल्या. “पण आपल्या भाषेत लिहा.”

टेबलावर औषधांच्या बाटल्या अजून तशाच होत्या. त्या एकेक करून मावशींनी बाजूला सरकवल्या आणि कागदापुरती जागा करून दिली.