तांड्यावरचे इकडे

वैजयंती मॅडम हाती घेतलेलं काम अर्ध्यावर सोडणाऱ्यातल्या नव्हेत. वाशीमच्या प्रशिक्षणात त्यांनी ऐकलं, की अवघड विषय फळ्यावरून सांगू नका, मुलांना नाटकातून कळू द्या. झालं, परत आल्या त्या आठवड्यातच त्यांनी स्नेहसंमेलनासाठी सातवीच्या वर्गाकडून नरसंहारावरचं नाटक बसवायला काढलं. मुख्याध्यापक म्हणाले, अहो, संमेलनात एखादं कोळीनृत्य बसवा, लोकांना बरं वाटतं. मॅडमनी ऐकलं नाही. जर्मनीत ज्यू लोकांचं काय झालं ते त्यांनी दोन दिवस सांगितलं. घरं कशी रिकामी केली, आगगाडीच्या डब्यांत माणसं कशी कोंबली, सगळं. सांगताना त्यांचा गळा भरून यायचा, आणि तो भरून आलेला त्यांना जरा आवडायचाही. "लक्षात ठेवा," त्या म्हणाल्या, "हे गोळीपासून सुरू होत नाही. वेगळ्या रांगेपासून सुरू होतं." स्वतःच्याच या वाक्यावर त्या इतक्या खूश झाल्या, की संमेलनाच्या फलकावर तेच लिहायचं ठरलं.

शाळा इंझोरीच्या रस्त्याला लागून. वर्गात निम्मी मुलं गावातल्या शेतकऱ्यांची आणि निम्मी पलीकडच्या बंजारा तांड्यावरची. तांड्यावरचे आईबाप दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात, मुलं आजीआजोबांपाशी राहतात. रामीबाईची नात सुकेशनी त्यातलीच. खणखणीत आवाज, पाठांतर पक्कं. घरातून हाकलल्या जाणाऱ्या बाईचं काम तिचंच होतं, आणि ती नसती तर नाटक उभंच राहिलं नसतं. झडती घेणारा अधिकारी झाला होता राजू. हा राजू म्हणजे वर्गातला नकलाकार. सरपंचापासून एसटीच्या कंडक्टरपर्यंत त्यानं कुणाला सोडलेलं नव्हतं.

तालमीत झडतीचा प्रसंग आला. संवाद लिहून द्यायचे नाहीत, मुलांना सुचू द्यायचे, असं प्रशिक्षणात सांगितलेलं. मॅडम राजूला म्हणाल्या, पुस्तकातलं बोलू नकोस, झडती घेणारा खरा माणूस कसा बोलतो तसं बोल.

राजूनं थोडा विचार केला. मग नाकावर नसलेला चष्मा बोटानं वर सरकवला, एक हात कमरेवर ठेवला आणि अगदी शांत, गोड आवाजात म्हणाला, "तांड्यावरचे इकडे, गावातले तिकडे. ज्याने घेतलं नाही त्याला घाबरायचं काही कारण नाही. चला, दप्तरं उघडा."

राजूच्या तोंडी एरवी शुद्ध भाषा औषधालाही सापडायची नाही. वर्ग फिसकन हसला आणि लगेच गप्प झाला. राजूच्या मनात काही खोट नव्हती. पोरानं आयुष्यात एकच झडती पाहिली होती, तीच त्यानं करून दाखवली.

गेल्या वर्षी मॅडमचं मनगटी घड्याळ नाहीसं झालं होतं. टेबलावर काढून ठेवलं होतं, असं त्यांना पक्कं वाटत होतं. चष्मा वर सरकवत त्यांनी तांड्यावरच्या मुलांची वेगळी रांग केली आणि तेवढीच दप्तरं उघडायला लावली. सुकेशनीच्या दप्तरातून दोन वह्या निघाल्या आणि फडक्यात बांधलेली भाकर. ती भाकर सगळ्या वर्गादेखत फरशीवर पडली. घड्याळ त्याच दिवशी संध्याकाळी घरी सापडलं, बेसिनवरच्या फळीवर. उद्या मुलांना सांगू, म्हणता म्हणता दिवस गेले. मग मॅडमनी स्वतःची समजूत घातली, लहान मुलं आहेत, विसरली असतील.

"मी दप्तर नाही उघडत," सुकेशनी राजूला म्हणाली.

राजू गोंधळला. त्यानं हळूच विचारलं, "मॅडम, हे नाटकात हाय काय?"

पुढचा प्रसंग घेऊ, हे शब्द मॅडमच्या अगदी जिभेवर आले होते. ते म्हटले असते तर निभावूनही गेलं असतं. मुलं मॅडमचं ऐकतातच. पण समोर मुलांच्या दोन रांगा उभ्या होत्या. राजूनं सांगितलं आणि पोरं आपापल्या बाजूला जाऊन उभी राहिली होती. कुणाला कुठं जायचं ते दाखवावंसुद्धा लागलं नव्हतं. इतकी लाज त्यांना जन्मात वाटली नव्हती.

"माझं घड्याळ माझ्या घरीच होतं," त्या म्हणाल्या. या वेळी गळाबिळा काही भरून आला नाही, आवाज कोरडाच निघाला. "तुमच्यापैकी कुणीच घेतलं नव्हतं. मला त्याच दिवशी कळलं आणि मी सांगितलं नाही. माझं चुकलं. मला माफ करा."

आता कुणीतरी रडेल, कुणीतरी चिडेल, निदान चकित तरी होईल, असं त्यांना वाटलं. तांड्यावरची मुलं नुसती बघत राहिली.

"आमाले मालूम होतं," सुकेशनी म्हणाली. "दुसऱ्या दिवशी तुमी घालूनच आल्या होत्या."

"मग बोलली का नाहीस?"

सुकेशनीनं दप्तर पोटाशी धरलं. तिच्या बोलण्यात राग नव्हता. गणिताचं उत्तर सांगावं तसं तिनं सांगितलं, "बोललो असतो तं तुमी म्हटलं असतं, यायनंच चोरलं अन् भेवून वापस आणून ठेवलं."

मॅडमना नाही गं म्हणायचं होतं. त्यांनी तोंड उघडलंही. पण आपण अगदी तेच म्हटलं असतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.