आतला पट्टा

श्यामकांत धुरंधरांना वस्तू वापरण्यापेक्षा जपायची हौस भारी. नवा शर्ट कपाटात पिवळा पडेल, पण अंगाला लागणार नाही. गिरगावातल्या त्यांच्या इमारतीच्या आवारात छोटी लाल गाडी वर्षानुवर्षं अशीच कापडाखाली झाकून उभी होती. दसऱ्याला झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू आणि सणासुदीला माहीमला लेकीकडे एक फेरी. झालं, एवढंच काय ते गाडीचं चालणं.

आता ती गाडी लेक जुई नेणार होती, छोट्या नातीला, ऋग्वेदाला, शाळेत सोडायला. तेव्हापासून यशोदाबाईंनी नवऱ्यामागे टुमणं लावलं. "अहो, इंजिनचा पट्टा बदलून घ्या. रबरच ते, नुसतं पडून पडूनही म्हातारं होतं. तुमच्या कोऱ्या पायजम्यांचं इलॅस्टिक बघा, एकदाही न घालता सैल पडलंय."

"मीटर बघ आधी," श्यामकांत म्हणाले. "पट्टा धावल्याने झिजतो. ही गाडी धावलीय कुठे?"

तरी रोजची कटकट नको म्हणून गेले गॅरेजला. पट्टे दोन असतात, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. बाहेरचा ढिला झाला की केकाटतो. आतला झाकणामागे असतो, तो दिसत नाही आणि कुरकुरतही नाही. एक दिवस तुटतो आणि चालतं इंजिन जागच्या जागी बंद पडतं. त्यासाठी गाडी ठेवून जा, म्हणाले गॅरेजवाले. ठेवून जा? परक्याच्या दारात, रस्त्यावर, उघड्यावर? श्यामकांतांच्या जिवावर आलं. बाहेरचा पट्टा तेवढा बदलून घेतला, गाडी धुवून आणली आणि घरी सांगितलं, "बदलला गं बाई पट्टा." खोटं थोडंच बोललो, असं मनाला बजावलं. पण त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही.

रविवारी संध्याकाळी जुई लेकीला घेऊन गाडी न्यायला आली. यशोदाबाईंनी तिच्या हातावर दही ठेवलं.

"कोस्टल रोडने जाते, बाबा. झटकन पोचेन."

श्यामकांतांच्या डोळ्यांपुढे आला तो लांबलचक बोगदा, मागून भरधाव येणाऱ्या गाड्या. "पेडर रोडने जा ना," ते म्हणाले.

"कशाला? पट्टा तर बदललाय ना?"

तेव्हा सांगायला हवं होतं. तोंडापर्यंत आलंही होतं. पण यशोदाबाई शेजारीच उभ्या होत्या, आणि बायकोसमोर हार खाणं या माणसाला जन्मात जमलं नव्हतं. त्यांनी नुसती मान हलवली. गाडी फाटकातून गेली, ती कसलाही आवाज न करता. पूर्वी ती केकाटायची, निदान कळायचं तरी. श्यामकांत वर आले आणि फोन हातात घेऊन बसून राहिले.

फोन वाजला.

"बाबा, घाबरू नका. बोगद्यात गाडी बंद पडलीय. चालता चालता गप्पच झाली. ऋग्वेदा मागे झोपलीय. पट्टा तुम्ही बदललाय, म्हणजे किरकोळच असेल काहीतरी. बसल्या बसल्या चालू करून बघते."

चावी फिरवल्याचा आवाज आला. इंजिन पकड न घेता नुसतंच गरगरलं.

"मागून फार जोरात येतायत हो सगळे," जुई म्हणाली आणि तिने पुन्हा चावी फिरवली.

यशोदाबाई पदराला हात पुसत समोर येऊन उभ्या राहिल्या. श्यामकांतांनी त्यांच्याकडे पाहिलं. तेवढाच काय तो उशीर झाला.

"जुई, उतर. पोरीला घे आणि भिंतीकडे जा. आतला पट्टा मी बदललाच नाही."

फोनमधून हॉर्न ऐकू आला. जवळ जवळ आला, मोठा होत गेला आणि एकदम तुटला. श्यामकांत जुईला हाका मारत राहिले. पलीकडून कुणी ओ दिली नाही.

यशोदाबाईंचा हात पदरातच राहिला.

"मग बदललात तो कुठला?" त्यांनी विचारलं.