परतीचे दोन तास

आमच्या ह्यांना संशय घेण्याचाच पगार मिळायचा. बसडेपोत गाड्यांच्या वेळा तपासायचं काम. रस्ता तोच, अंतर तेच, मग येताना जास्त वेळ लागला म्हणजे ड्रायव्हर कुठेतरी टेकला, असा सरळ हिशोब. तो बहुतेक वेळा खरा निघायचा, हेच वाईट झालं. नोकरी संपली आणि सवय घरी आली. मी दूध आणायला गेले तरी हे घड्याळ बघतात.

आमचे जावई यंत्रं बसवायला पार दुसऱ्या टोकाच्या देशात जातात. गेल्या महिन्यात ते आणि लेक जेवायला आले होते, तेव्हा ह्यांनी सहज विचारावं तसं विचारलं, "विमानाला वेळ किती लागतो हो?"

"जाताना नऊ तास, येताना अकरा."

ह्यांचा घास हातातच राहिला. "अंतर बदलतं का?"

"नाही बाबा. वर वारा असतो. जाताना पाठीमागून, येताना समोरून."

"वारा," हे म्हणाले आणि घड्याळाकडे बघू लागले. ह्यांच्या बोलण्यापेक्षा मला ह्यांच्या घड्याळ बघण्याची धास्ती वाटते. जावई हात धुवायला उठले तसे हे लेकीकडे वाकले. "ड्रायव्हरांकडून पंक्चर ऐकलंय, रेल्वेचं फाटक ऐकलंय. वारा पहिल्यांदाच ऐकतोय. दोन तास जातात कुठे, बघ जरा."

लेक हसली. पण हसता हसता तिनं नवऱ्याच्या पाठीकडे पाहिलं. सोन्यासारखा संसार तिचा.

पुढे जावई पुन्हा परदेशी गेले, तसे हे विमानाची तिकिटं काढणाऱ्याकडे जाऊन आले. तोही वाराच म्हणाला. "सगळे एकाच माळेचे मणी," हे कुरकुरले. शेवटी जावई परत येणार त्या दिवशी मला घेऊन थेट विमानतळावर. विमान अकरा तासांनीच उतरलं. एवढ्यावर भागेना, म्हणून बाहेर पडणाऱ्या वैमानिकालाच ह्यांनी गाठलं.

"येताना उशीर का लागतो हो?"

"वारा समोरून असतो, काका. आजही होताच."

ह्यांचा चेहरा असा उजळला, जणू दुखरा दात पडला. जावई बाहेर आले तर हे त्यांची बॅग हातातून सोडेनात. टॅक्सीतही अखंड बडबड. मध्ये रेल्वेचं फाटक लागलं, लांबलचक मालगाडी गेली, तरी ह्यांची कुरबूर नाही. मलाही हायसं वाटलं.

लेकीनं दार उघडलं. "वारा खरा आहे गं," हे उंबऱ्यातूनच म्हणाले. "मी स्वतः खात्री करून आलोय."

तिनं बॅग घेतली नाही. नवऱ्याला विचारलं, "वाऱ्याचं कळलं. पण विमान चारला उतरलं, मी मोबाइलवर पाहिलंय. घरी यायला साडेसहा?"

जावई बूट काढता काढता थांबले. तिनं असं कधी विचारलं नव्हतं.

"अगं, फाटक बंद होतं," हे घाईघाईनं म्हणाले. "आम्ही बरोबरच होतो."

खरंच बंद होतं. पण लेक ह्यांच्याकडे वळली. डेपोत ड्रायव्हर समोर उभा राहिला, की हे ज्या नजरेनं बघायचे, तीच नजर.

"बाबा," ती शांतपणे म्हणाली, "तुम्ही तरी त्यांना पाठीशी घालू नका."