तेत्सुयामा वाकला

सिनेमातला पोलादी यंत्रमानव तेत्सुयामा पडद्यावर वीस मजली. प्रत्यक्षात तो उकाई मोरिहिसापेक्षा वीतभरच उंच होता, कारण आत उकाईच असायचा. रबर, फायबर, पत्र्याचे तुकडे आणि घामाचा वास यांचं ते यंत्र अंगावर चढवायला दोन माणसं लागत. मानेजवळ एक बोटभर फट होती आणि तिच्यातून दिसेल तेवढंच जग. पायाखालचं काही म्हणता काही दिसत नसे. कुठं पाऊल टाकायचं ते तालमीत पाठ करायचं आणि मग देवाचं नाव घेऊन चालू पडायचं.

हा उद्योग उकाईनं उभा जन्म केला होता. पोस्टरवर त्याचं तोंड कधी झळकलं नाही आणि त्याला त्याची काडीचीही खंत नव्हती. आत माणूस आहे याचा प्रेक्षकाला विसर पडला पाहिजे, हीच आपली कला, असं तो मानायचा आणि याबाबतीत भलताच मानी होता. शेजारच्या म्हातारीला तो विमा कंपनीत कारकून आहे असं वाटे. तिचा गैरसमज त्यानं कधी दूर केला नाही.

आता गुडघे कुरकुरायला लागले होते. शिवाय निर्मात्यांनी सांगून टाकलं होतं, पुढचा तेत्सुयामा काँप्युटरवर चालणार. तेव्हा हा सिनेमा शेवटचा आणि त्यातला शेवटचा शॉट उकाईच्या आयुष्यातला शेवटचा. तो निर्दोष व्हावा, एवढीच त्याची इच्छा. त्यासाठी तो आठवडाभर स्टुडिओमागच्या तामा नदीच्या काठी नुसता चालत होता. लोक म्हणायचे, म्हातारा वजन कमी करतोय वाटतं.

शॉट असा होता. तेत्सुयामा चालवणारा वैमानिक मेलाय. रिकामं यंत्र स्वतःहून उठतं, बाजारपेठ तुडवत बंदराकडे जातं आणि समुद्रात शिरतं. डावीकडची सगळी दुकानं चिरडायची. उजवीकडे मात्र एक जुनं सार्वजनिक न्हाणीघर, उंच धुराड्याचं, ते तेवढं शाबूत ठेवायचं.

"रिकामा आहे तो, उकाई-सान," दिग्दर्शक सागाए दहादा बजावत होता. उकाईपेक्षा बराच लहान माणूस, पण कामाला चोख. "आत कोणी नाही. जीव नाही, दुःख नाही, काही नाही."

"साहेब, इतकी वर्षं मी दुसरं काय केलं?" उकाई म्हणाला.

ती छोटेखानी, खोटी पेठ बांधली होती आनाझावा तोकियेनं. तीही उकाईच्याच वयाची, हाताला कायम प्लास्टर, तोंडाला लगाम नाही. न्हाणीघराचं एकेक कौल तिनं वेगळं घडवलं होतं. उकाईला आत बंद करण्याआधी ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"अहो उकाई, बाकी सगळं धुळीला मिळवा, मी हूं की चूं करणार नाही. पण माझ्या न्हाणीघराला नख जरी लागलं ना, तर त्या डब्यातून बाहेर येऊ नका. आतच राहा."

"डोळे मिटून चालेन."

"तुम्ही तसंही आंधळेच चालता, म्हणून तर सांगतेय!"

सेट एकदाच मोडायचा होता. पुन्हा बांधायला ना वेळ, ना माणसं. कॅमेरे घरघरायला लागले. हे कॅमेरे नेहमीपेक्षा कितीतरी जलद चालवायचे, म्हणजे पडद्यावर सगळं संथ आणि वजनदार दिसतं. त्यामुळे आतल्या माणसाला उलट झपाझप चालावं लागतं. उकाई चालला. दुकानं फुटली, विजेचे खांब आडवे झाले, सगळं जिथल्या तिथं. आणि पेठेच्या टोकाशी उजव्या गुडघ्यानं दगा दिला.

पाऊल कुठं पडलं ते त्याला दिसलं नाही, ऐकू आलं. चुरचुर चुरचुर, बारीक कौलं फुटल्याचा आवाज. मग धुराडं त्याच्या पोटरीवर आपटलं. पण शॉट चालू होता, थांबायचं नव्हतं. तो पुढं गेला, समुद्र म्हणून भरलेल्या हौदात उतरला, आणि सागाएनं "कट" म्हटलं.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. डोकं उतरवल्यावर उकाईच्या हातात रिवाजाप्रमाणे फुलांचा गुच्छ दिला. शेवटचा शॉट संपला की देतात तो. सागाए म्हणाला, मोडलं तर मोडलं, चाल अप्रतिम होती. उकाईनं सेटकडे पाहिलं. आनाझावा कौलांचा चुरा सुपलीत भरत होती आणि त्याच्याकडे बघतही नव्हती. तिनं चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी फिल्म धुऊन आली आणि सगळे छोट्या खोलीत बघायला बसले.

पडद्यावर तेत्सुयामा चालत होता आणि आपलाच शॉट बघून उकाई सुखावला. खरंच आत कोणी नव्हतं. मग पाय घसरला, कौलं उडाली, धुराडं सावकाश कोसळलं. आणि तेत्सुयामा थांबला. न्हाणीघराकडे वळला. वाकला.

कधी वाकलो आपण? उकाईला आठवेचना. कुणाला धक्का लागला, कुणाच्या पायावर पाय पडला की मान आपोआप खाली जाते, तेवढंच झालं असणार, डोळ्याची पापणी लवेल इतकं. त्याची बायको टेलिफोनवर बोलतानासुद्धा भिंतीपुढे वाकते. पण पोशाखाची मान ताठ, म्हणून तो कमरेतून वाकला होता, आणि जलद कॅमेऱ्यानं त्या निमिषाचं भलंमोठं प्रकरण करून ठेवलं होतं. वीस मजली पोलादी यंत्र हळूहळू खाली झुकत होतं, खांद्यावरची धूळ ओघळत होती, संपता संपत नव्हतं. मग तितक्याच सावकाश ते सरळ झालं आणि समुद्राकडे निघालं.

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. मग दोघेतिघे हसले. दुष्टपणानं नाही हो, पण हसले. उकाईचे कान तापले. इतकी वर्षं लपलेला माणूस शेवटच्या क्षणी खिडकीतून डोकं काढून सगळ्यांना दिसला होता. फजिती म्हणतात ती ही.

दिवे लागले. सागाएनं हनुवटी खाजवली. "काँप्युटरवाले हे पुसू शकतील," तो म्हणाला. "वाकणं काढायचं, पाय घसरल्यावर तसाच पुढं जातो असं दाखवायचं. मला स्वतःला... जाऊ दे. शॉट तुमचा आहे, उकाई-सान. तुम्ही सांगाल तसं."

"पुसा," उकाई म्हणाला. "आत्ताच्या आत्ता पुसा."

"उद्या सांगा. घाई नाही."

माफी मागायची तर रिकाम्या हातानं कसं जाणार? उकाईनं स्टेशनजवळच्या दुकानातून योकानचा डबा घेतला, लाल घेवड्याच्या गोड वड्यांचा, कागदात नीट बांधून, आणि तडक आनाझावाच्या कारखान्यात गेला. ती एका छोट्या, खोट्या पुलाला गंज रंगवत होती. धुतलेली फिल्म बघायला ती आली नव्हती. त्यानं डबा पुढं केला आणि कमरेत वाकला. गुडघा कटकन वाजला.

"उठा, नाहीतर तुम्हालाही प्लास्टर घालावं लागेल," ती म्हणाली. डब्याला तिनं हात लावला नाही. "ऐकलं मी, तुमचा राक्षस वाकला म्हणून. अख्खा स्टुडिओ खिदळतोय."

"पुसून टाकायला सांगितलंय."

ब्रश थांबला. "कुणी?"

"मीच. आत माणूस आहे हे दिसलं, आनाझावा-सान. सगळ्या जन्माचं काम पाण्यात गेलं."

ती पुलाकडेच बघत म्हणाली, "ते न्हाणीघर कुठलं, माहितीये? आमच्या गल्लीतलं. माझे वडील तिथं बंबाला लाकडं घालायचे. पाडायला घेतलं तेव्हा कंत्राटदाराची माणसं घरोघर टॉवेल वाटत फिरली. त्रास होईल, माफ करा, म्हणून प्रत्येक दारात वाकली. आमच्याही. शिष्टाचाराची कुठं कमी नव्हती. पण न्हाणीघरापुढं एक माणूस वाकला नाही. मला तेव्हा इतका राग आला होता, कुणावर काढू ते कळेना." तिनं नाक पुसलं, गंजाचा रंग गालाला लागला. "आणि आता एक वाकला, तर तुम्ही पुसताय."

"तो मी वाकलो. तेत्सुयामा नाही."

"ते तुमचं तुम्ही ठरवा. मोठे कलावंत." तिनं डबा ओढून घेतला आणि दोरी सोडायला लागली. "चहा टाका. तिथं, डाव्या हाताला."

उकाईनं चहा टाकला. दुसऱ्या दिवशी त्यानं सागाएला फोन केला आणि म्हणाला, "राहू दे." सागाएनं कारण विचारलं नाही. उकाईला मात्र ते रुचलं नव्हतं. भिडेखातर आपण आपलं काम नासवलं, असं त्याला पुढं कित्येक महिने वाटत राहिलं आणि त्यापायी तो बायकोवर उगाच खेकसायचा.

सिनेमा लागला. मोठ्या समारंभाला तो गेलाच नाही. नंतर एका साध्या दुपारी आनाझावानं त्याला जवळजवळ ओढत नेलं. थिएटर अर्धंअधिक भरलं होतं. पेन्शनर, कॉलेज बुडवून आलेली पोरं, खरेदीच्या पिशव्या मांडीवर घेतलेल्या बायका. दोघं कडेच्या खुर्च्यांवर बसले.

पेठेचा शॉट सुरू झाला तसा उकाई खुर्चीत खाली सरकला. आता हसतील. कौलं फुटल्याचा आवाज आला आणि त्यानं पडद्यावरून मान फिरवली. बघायचंच नाही. त्यामुळे त्याला प्रेक्षक दिसले, पडद्याच्या उजेडात, ओळीच्या ओळी.

कुणी हसलं नाही. पुढच्या ओळीत एक म्हातारा होता, टोपी गुडघ्यावर ठेवलेला. त्याची मान किंचित खाली गेली आणि वर आली. त्याच्या पलीकडच्या बाईची गेली. मग मागं एका पोराची, हातात पॉपकॉर्न तसंच. मग आणखी कुणाकुणाची, इथं एक, तिथं एक. समोरून कुणी वाकलं की आपणही वाकायचं, तेवढंच. आपण काय केलं हे त्यांचं त्यांना कळलंही नसेल.

उकाई बघतच राहिला. हे लोक त्याच्यापुढे वाकत नव्हते. त्याला कोण ओळखत होतं? ते वाकत होते तेत्सुयामापुढे. शेजारी आनाझावा दोन्ही हात मांडीवर ठेवून खोल वाकली होती, न्हाणीघराच्या घरचं माणूस म्हणून, रीतसर.

मग त्यानं पडद्याकडे पाहिलं. तेत्सुयामा समुद्रात शिरत होता, आणि आत कोणी नव्हतं.