कुंडलिकच्या गळ्यातला कॅमेरा

"भाई, आता नका उघडू! सलामी चाललीय!" कुंडलिक ओरडला, पण तोवर शब्बीरभाईंनी कॅमेऱ्याची लेन्स काढली होती.

वेल्ह्याच्या अमृतने कुस्तीच्या हौदातली मूठभर माती उचलून किकवीच्या इंद्रजितच्या खांद्यावर टाकली. इंद्रजितने ती उलट उधळली, आणि काठाला मांडी घालून बसलेल्या भाईंच्या उघड्या कॅमेऱ्यात ती जाऊन बसली. हळद, ताक आणि तेल घालून मळलेली लाल माती. भाईंनी घाईघाईने दुसरी लेन्स चढवली, बटण दाबलं. आतला आरसा अर्ध्यावर अडकला. पुन्हा दाबलं. काही नाही.

भोरच्या जत्रेतल्या कुस्त्यांचे फोटो शब्बीरभाई एकोणतीस वर्षं काढत आले होते. सलामीच्या वेळी कॅमेरा उघडायचा नाही, हा पहिला धडा नव्या पोरांना तेच द्यायचे. आज शेवटच्या कुस्तीला, लांबची लेन्स काढून जवळची लावायच्या घाईत, तेच चुकले. आणि सकाळीच पेपरच्या कचेरीतून फोन आला होता : "उद्या पहिल्या पानाला चितपटीचा फोटो पाहिजे. नाही मिळाला, तर पुढच्या महिन्यापासून तालुक्याला फोटोग्राफर नको. लोक मोबाईलवरून पाठवतातच की." फोन आला तेव्हा कुंडलिक शेजारीच चहा पीत होता.

"काय झालं?"

"मेला," भाई म्हणाले.

कुंडलिक उत्रोलीचा, दुसऱ्या पेपरचा, वयाने वीस वर्षांनी लहान. त्याच्याकडे दोन कॅमेरे होते. लांबच्या लेन्सचा डोळ्याला, जवळच्या लेन्सचा गळ्यात. त्याने गळ्यातला काढून भाईंच्या मांडीवर ठेवला.

"अरे, तुलाच लागला तर?"

"धरा गप. आन ध्यानात ठिवा, माझ्या लेन्सची रिंग उलटी फिरती."

उलटीच फिरत होती. एकोणतीस वर्षांची बोटं सवयीने डावीकडे जात आणि पैलवान धूसर होत. भाई उजवीकडे वळवत, तोवर दोघे हललेले असत. हलगी चढत चालली होती. भाईंच्या कपाळावरचा घाम कॅमेऱ्यावर टपकत होता.

"बटन दाबून धरा की वो! एकेक काय काढताय? रीळ संपायचं भ्या वाटतं का अजून?"

भाईंचं बोट तसंच एकेकदा दाबत राहिलं. एका दाबात एकच फोटो, ही त्यांची रिळाच्या काळापासूनची सवय होती.

अमृतने ढाकेचा डाव लावला. दोघे गरगरत थेट यांच्या पुढ्यात आले, हात लांबवला तर लागतील इतके जवळ. कुंडलिक शिवी हासडून मागे रेलला. त्याच्या लांबच्या लेन्समध्ये नुसता एक कान मावत होता. भाईंनी रिंग फिरवली, चुकली, परत फिरवली, आणि बोट दाबलं.

डोळ्यापुढे काळोख झाला. फोटो निघतो तो क्षण काढणाऱ्याला कधीच दिसत नाही. तेवढ्यापुरता आरसा आड येतो. दिसला म्हणजे हुकला. इंद्रजितची पाठ मातीला टेकलेली भाईंना दिसली नाही.

माणसं हौदात घुसली, फेटे उडाले. कुंडलिकने कॅमेरा घेऊन मागच्या पडद्यावर पाहिलं. पाठ मातीवर, वर अमृत, आणि दोघांचेही डोळे मिटलेले.

"एकच हाय?"

"एकच. तुला?"

कुंडलिकने नकारार्थी मान हलवली. एकच फोटो दोन पेपरांत चालत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"कॅमेरा तुझा, कार्ड तुझं," भाई म्हणाले. "तुझ्या नावानं लाव."

"बोट कुनाचं व्हतं?"

"कुंडलिक, ऐक माझं—"

"मला चार शिव्या बसतील, भाई. तुमाला घरी बसवतील."

त्याने कार्ड काढून भाईंच्या मुठीत दिलं, मूठ दाबून बंद केली, आणि आपल्या कचेरीला फोन लावला.

"न्हाई मिळाला, साहेब... व्हय, म्होरंच बसलो व्हतो... न्हाई, कारन काय न्हाई. हुकला."

पलीकडचा आवाज इतका चढला, की शब्द न् शब्द भाईंना ऐकू आला. कुंडलिकने फोन कानापासून जरा लांब धरला. भाई चार पावलं चालून त्याच्या शेजारी आले आणि ते बोलणं संपेपर्यंत मान खाली घालून उभे राहिले.