अळणी नवरी

साखरपुड्याला चेहऱ्यावर तेज यावं म्हणून निलंग्याच्या तनुजानं मोबाइलमधला एक सल्ला शिरसावंद्य मानला. मीठ बंद, पाणी मात्र घागरीनं. आठवडाभर बिचारी अळणी वरण गिळत गटागटा पाणी पीत राहिली. तेज आलं की नाही कोण जाणे, पण ऐन साखरपुड्यात ती पाटावरून कोसळली आणि हातपाय ताठ होऊन तिला झटके येऊ लागले.

पुढचं तिला बहिणीनं, सुकन्यानं, रंगवून सांगितलं. कुणी कांदा फोडला. नवरदेवाची आत्या पंचफुलाबाई चप्पल हुंगवायला धावल्या. नवरदेव हरिओमनं मात्र आत्याला अडवलं, तनुजाला कुशीवर वळवलं आणि गाडी बोलावली.

लातूरच्या दवाखान्यात शुद्धीवर येऊन तनुजा हे ऐकत होती, तेवढ्यात दाराबाहेर आत्याबाईंचा आवाज चढला. "पोरीला मिरगी हाय. ही सोयरीक न्हाई व्हायची." तनुजा उठून बसायला धडपडली. नायगावचा तो अबोल पोरगा तिला मनापासून आवडला होता.

डॉक्टरांनी सगळ्यांना आत बोलावलं. "हिच्या रक्तातलं मीठ पार उतरलंय, म्हणून फिट आली. ताप मेंदूत गेला, साखर उतरली, तरी कुणालाही येऊ शकते. असं काही कारण नसताना पुन्हा पुन्हा येते, ती मिरगी. हिला मिरगी नाही."

तनुजाला इतकं हसू फुटलं की सलाईनची नळी हलायला लागली. आत्याबाई लगबगीनं चहा सांगायला गेल्या, त्यांच्यामागं बाकीचेही गेले. हरिओम तेवढा उभा राहिला.

"मला हाय मिरगी," तो खाली बघत म्हणाला. "बारावीपासून. गोळ्या चालू हायत, लई दिवसांत फिट न्हाई आली. आत्या म्हणली, लग्नाआधी बोलू नको. तुमी नको म्हणलात तरी मला राग न्हाई."

तनुजाला क्षणभर रागच आला, तोही आत्याबाईंचा. मग त्याच बाई चप्पल घेऊन धावताना डोळ्यांपुढं आल्या आणि तिला पुन्हा हसू लोटलं.

"तुमालाबी चप्पल हुंगवली का?"

"लई येळा," तो म्हणाला आणि तोही हसला.

"आजची गोळी घेतली?"

गडबडीत राहूनच गेली होती. त्यानं नाही म्हणून मान हलवली.

"घ्या आधी," ती दटावून म्हणाली. "आन् लग्नाच्या दिवशी मी मीठ खाऊन येते, तुमी गोळी खाऊन या."